शंभर रुपयांची कपात

पर्वरीला, सभापतींच्या आसनाखालच्या टेबलाशी
माझी पाळी चार चाळीस ते चार पन्नास.
त्या दहा मिनिटांत मराठीत जे बोललं जाईल ते माझं,
कोकणीत घसरलं तर शेजारच्या टेबलाचं.
खोकला लिहायचा नाही.
आरडाओरडा झाला तर कंसात एकच शब्द, व्यत्यय.

मागणी क्रमांक चौतीस, शालेय शिक्षण.
मंत्री म्हणाले, यंदा हात आखडता आहे,
खाणीचा पैसा आटला, व्याज फुगलं,
पटावर दहाच्या आत मुलं असलेल्या शाळा
शेजारच्या शाळेत विलीन करू.
विलीन.
हा शब्द आजवर मी
फक्त शोकप्रस्तावात उतरवला होता.

मग सत्तरीचे एक सदस्य उठले.
नियमच असा आहे:
पैसे कमी पडतात हे सांगायचं
तर आणखी कमी करा म्हणावं लागतं.
मागणीतून शंभर रुपये कापावेत
एवढं बोलल्यावरच त्यांना
कुमयाळच्या शाळेचं छप्पर बोलता आलं.

कुमयाळ.
हे नाव मला चिठ्ठी पाठवून विचारावं लागलं नाही.
दोन खोल्या, चार इयत्ता,
फणसाच्या मुळाने वर उचललेली जमीन;
चौथीत गोटी सोडली
की घरंगळत पहिलीत जायची
आणि झर्मेकर बाई पाठमोऱ्याच म्हणायच्या, "आण इकडे."

सदस्य सांगत होते शेवंती माजीकबद्दल
(नाव नाही घेतलं, "एक भगिनी" म्हणाले).
दुपारची पाव-भाजी तिच्या गटाची,
बिल जानेवारीपासून अडकलेलं.
पोदेराने उधार थांबवली तेव्हा तिने पेज केली,
वर करमलाचं लोणचं,
आणि वहीत पावच लिहिला,
कारण पेजेला रकाना नाही.
सात पोरं जेवली.
हे सदस्यांना माहीत नव्हतं. मला होतं,
ती माझ्या बाकावर बसायची.
पण माझं काम ऐकायचं,
आणि मी ऐकत होते
तोवर घंटा वाजली.

सूचना मागे घ्या, मंत्री म्हणाले.
नाही घेत, सदस्य म्हणाले.
बाजूने असतील त्यांनी होय म्हणावं.
चार-पाच घसे.
विरुद्ध असतील त्यांनी.
बाकं दणाणली.
अशा रीतीने शाळांचे शंभर रुपये
प्रचंड बहुमताने वाचले.

वर जाऊन टाइप केलं, लोलयेकरांकडे दिलं.
त्यांचा चष्मा नाकाच्या शेंड्यावर, हातात लाल पेन.
"बाये, हे काय?
'मंत्र्यांनी अहवाल सदनाच्या पटावर ठेवला'?
पटलावर. ल राहिला."
एक ल.
पण तो राहिला होता तेवढा वेळ
सात जणं सदनात उभी होती,
मधोमध, हजेरीला,
एकाच्या हातात अजून गोटी.
मी ल घातला.
व्यत्यय कुठेच लिहिला नाही,
कुणी आणलाच नव्हता.

सहाची कदंबा, म्हापशाला.
कंडक्टरने सुटे मागितले,
माझ्याकडे शंभराची नोट.
"मोड ना," म्हणाला,
आणि तिकिटाच्या पाठीवर खरडून दिलं:
येणे पंच्याऐंशी.
गिरीपर्यंत ते तिकीट मुठीत धरून होते.
मग शेवंतीचा फोन आला,
कशाला केला ते तिने सांगितलंच नाही,
यंदा फणस लवकर धरलेत म्हणाली,
आणि माझा थांबा आला,
मी उतरले, बस वळली,
पैसे मागायचे राहून गेले.