मोजदाद

मागच्या वेळी, हर्नियाच्या ऑपरेशननंतर तिसऱ्या रात्री
नाना चादरीवर नोटांचे ताव मोजत बसले.
अंगठा जिभेला, मग कोपरा उचलायचा.
एक ताव कमी भरत होता.
"गेट लावा. कोणी घरी जायचं नाही."
मी तुमची मुलगी, म्हणून उपयोग नव्हता;
नाशिकरोडच्या प्रेसमध्ये एकतीस वर्षं
नाती फाटकाबाहेर ठेवून आत जायची सवय.
पहाटेचे चार, सलाइन उपटलेलं,
आणि आम्ही दोघं एका न छापलेल्या तावासाठी कोंडलेले.

नवव्या दिवशी ते परत आले.
सगळे नाही आले.
सिन्नर फाट्याचा रस्ता तेव्हापासून विचारून घेतात.

आता खुब्याचं हाड.
भूल देणारे डॉक्टर म्हणाले, एक्क्याऐंशी वय, पुन्हा होऊ शकतं.
मग जरा थांबून: सुया टोचून बघायच्या का?
काहींना फरक पडलेला दिसतो. खात्री देत नाही.
खात्री देत नाही म्हणाले, म्हणूनच मी हो म्हटलं.

कोठावदे बाई आल्या. एकाच पिशवीत
सुयांचं पाकीट आणि जेवणाचा डबा.
एक सुई माथ्यावर, लहानपणी टाळू असते तिथे.
एक भुवयांमध्ये, गंधाच्या जागी.
दोन मनगटांच्या आतून, दोन गुडघ्यांखाली.
नानांनी एक उजेडात धरायला लावली.
"ही तर नोटेतली तार."
मग मला, "किती घातल्या?"
सहा.
"लिहून ठेव."
लाइटबिलाच्या मागे लिहिलं. वीस मिनिटांनी
बाईंनी काढल्या, डबीत टाकल्या,
त्यांचा आवाजसुद्धा झाला नाही.

ऑपरेशननंतर रोज सकाळी तेच.
रात्री मी त्यांच्या अंगठ्याकडे बघत जागी.
एकदा तो ओठांपर्यंत गेला
आणि माझं पोट खाली गेलं.
ओठ कोरडे होते, पुसले, एवढंच.
दुसऱ्या रात्री मला कमळ म्हणाले.
आईला जाऊन सहा वर्षं झाली. मी ओ दिली.
थोड्या वेळाने स्वतःच, "तू नाहीस ती. पाणी दे."

तिसरी रात्र.
"किती होत्या?"
सहा.
"निघाल्या किती?"
सहा.
"मग बसलीस कशाला? गेट उघड. घरी जाऊन झोप."

शुद्धीत म्हणाले की प्रेसमधून,
मी विचारलं नाही.
चपला हातात घेऊन जिना उतरले.