माल गेला

स्टिकरवरची तारीख चालत नाही,
बलदियाचा माणूस म्हणाला.
तारीख पाकिटाच्या अंगची हवी,
वरून चिकटवलेली नको.
तीनशे बारा खोकी मेतकूट.
जप्त नाही, परत नाही. नष्ट.
आणि नष्ट होताना
मालकाचा माणूस हजर हवा, सही करायला.

मालकाचा माणूस म्हणजे मी.
देवरुखच्या खांबेटे गृहोद्योगाचा
आखातातला संपूर्ण विभाग:
एक मोबाइल, एक शिक्का,
शारजात पाचव्या मजल्यावर एक कॉट.

त्याआधी लेबलाचं झालं होतं.
अरबी करून देणारा इद्रीस, सुदानचा,
चष्म्याची काडी दोऱ्यानं बांधलेली.
हे काय आहे, म्हणाला.
भाजलेल्या डाळींचं पीठ.
कशाशी खातात?
मऊ भाताशी, तूप घालून.
कधी?
इथे मी अडलो.
ताप उतरल्यावर, म्हटलं.
परीक्षेला निघताना.
कुणाला पोचवून आल्यावर,
दुसरं काही रांधायला घरातलं कुणी उठत नाही तेव्हा.
त्यानं पेन बराच वेळ कागदावर धरून ठेवलं
आणि लिहिलं: डाळींचे पीठ.
जागा तेवढीच आहे, म्हणाला.

घटक ग्रॅममध्ये हवे होते.
वेणूआत्याला फोन लावला. हिंग किती?
बेताचा.
मेथी?
कडू व्हायच्या आधी थांबायचं.
आणि डाळ कुठवर भाजायची?
अरे, नाकाला विचार.
फॉर्मवर नाकाचा रकाना नव्हता.
शेवटी हेरंबनं, माझ्या भावानं,
तिच्या मुठीखाली वजनकाटा सरकवला, तिच्या नकळत.
तीन दिवसांत चार ग्रॅमचाही फरक पडला नाही.

तर ऑगस्टात, सकाळी साडेसातला,
शहराबाहेर, मेलेल्या फ्रिजांच्या आणि टायरांच्या मधोमध
मी इस्त्रीचा शर्ट घालून उभा.
बुलडोझरवर झरीन खान, बन्नूचा.
आधी खोकी दबली.
मग पाकिटं फुटायला लागली, कढईतल्या लाह्यांसारखी,
एक, मग दोन, मग मोजता येईनात.
पिवळी धूळ उठली
आणि वास.
पुढे मोहरी, मागून सुंठ, सगळ्यांत शेवटी हिंग.
चाळीस अंशांत मला कडकडून भूक लागली,
आणि लाज वाटली भुकेची.

झरीन शिंकला. मशीन बंद केलं, उतरला,
चिमूटभर उचलून जिभेवर ठेवलं.
नको खाऊ, म्हटलं,
सरकारच्या लेखी हे आता अन्न नाही.
तो विचारात पडल्यासारखा चघळत राहिला.
नमक कम है, म्हणाला.
मीठ भातात असतं, मी म्हटलं.
अच्छा, म्हणाला, आणि वर चढला.

कागद पुढे आला.
सहीखाली तारीख घालायची होती.
मी बॉलपेननं घातली.
छापलेली नव्हती.
चालली.

संध्याकाळी आत्याचा फोन.
माल गेला का रे?
गेला.
सगळा?
सगळा.
पलीकडे जरा वेळ नुसती भिंतीवरच्या घड्याळाची टकटक.
मग आत कुणाला तरी, ओरडून:
ऐकलंस का, तीनशे बारा खोकी! महिन्याच्या आत!
मग मला:
जेवलास ना? सहाशेचं भाजायला घेते उद्यापासून.

मी खोटं बोललो नाही.
गेला म्हणजे गेला.
हेरंबला मात्र रात्री उशिरा सगळं सांगितलं.
तो एवढंच म्हणाला,
छपाईवाल्याकडे सकाळी जातो,
आणि आत्याला थांबवत नाही.

त्याला अकरा वर्षं झाली.
तारीख आता पाकिटाच्या अंगावरच येते, काळी, ठसठशीत.
आत्याच्या मुठीच्या जागी यंत्र आहे,
ते चुकलं की ती लांबूनच नाक मुरडते
आणि ते बंद करतात.
सात देशांत जातो माल.

जातो हा शब्द
मी अजून जरा जपूनच वापरतो.