शुद्धिपत्र

तक्ता चौथा, ओळ सतरावी.
'४.२' ऐवजी
'नोंद नाही' असे वाचावे.

एवढंच लिहून पाठवायचं होतं, संपादक महोदय.
पण अकरा वर्षं लागली,
म्हणून थोडं जास्त लिहिते.

पौषातल्या त्या मंगळवारी
काळ्या घोड्याच्या पुलाखाली, विश्वामित्रीच्या काठावर
मगर उन्हाला आली होती.
हसमुखभाईंनी दोरी सोडली, चप्पल सोडली,
आणि पाण्याची भरलेली बाटली सोडली.
दगडावर काच फुटली.
दांडिया बाजार येईपर्यंत आम्ही हसत होतो.

नोंदवहीतला तो रकाना मी कोरा ठेवला.

मग मार्चअखेर आली.
निधीचा शेवटचा हप्ता अहवालापाशी अडलेला.
प्रधान सर वाईट नव्हते.
माझ्या आईच्या ऑपरेशनला त्यांनी रक्त दिलं होतं.
चष्मा कपाळावर सारून म्हणाले,
"सबनीस, मध्येच हे भोक दिसतंय.
मागचा आकडा घे, पुढचा घे, मध्य काढ. चालशे."
आमच्या बडोद्याच्या मराठीत
कितीतरी गोष्टी 'चालशे'वर चालतात.

मी मध्य काढला.
चार पूर्णांक दोन.
काय गुणी आकडा! शेजाऱ्यांशी भांडण नाही,
आलेखाची रेघ त्याच्यावरून
न ठेचकाळता पुढे गेली.

एरवी पाण्यात प्राणवायू किती, हे कळायला
केवढा सोपस्कार:
तपकिरी साका, मग आम्ल, मग स्टार्चची निळाई,
आणि ब्युरेटमधून थेंब थेंब
निळं जाईपर्यंत.
शेवटचा थेंब श्वास रोखून सोडायचा,
एक जरी जास्त पडला तर परत फिरता येत नाही.
४.२ साठी मी एकही थेंब सोडला नाही.

पैसा कुणाचा होता?
मंजुरीपत्रावर दिल्लीचा शिक्का होता खरा.
पण अंगाच्या साबणावर, काडेपेटीवर
हसमुखभाईही कर भरत होते,
आणि फुटलेल्या बाटलीचे बावन्न रुपये
भांडारानं त्यांच्या पगारातून कापले.
ती पावती मला जुन्या फायलीत सापडली. तारीख तीच.
म्हणजे हिशेबखात्याला ठाऊक होतं
त्या दिवशी पाणी प्रयोगशाळेत पोचलंच नाही.
फक्त विज्ञानाला ठाऊक नव्हतं.

आता कुणी कृतिका म्हणून मुलगी लिहिते,
प्रबंधासाठी तुमचा तक्ता घेतला आहे,
सतराव्या ओळीचं कच्चं टाचण मिळेल का?
दोन रात्री उत्तर दिलं नाही.
सर आता नाहीत.
शुद्धिपत्रात त्यांचंही नाव येईल, माझ्या आधी.

परवा वाडीत जाऊन हसमुखभाईंना बावन्न रुपये दिले.
त्यांनी ते मोजले, खिशात ठेवले.
सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं,
"अन् मगर? मगर लिहिलीस की नाही?"

तरी कृपया दुरुस्ती अशी छापावी:
तक्ता चौथा, ओळ सतरावी. नोंद नाही.
शेऱ्याच्या रकान्यात: मगर.

पावतीची झेरॉक्स सोबत जोडली आहे.