बत्तिसावी ओळ

चूक बत्तिसाव्या ओळीत आहे, असं तपासणीचं यंत्र म्हणतं.
म्हणजे ती एकतिसाव्यात असणार.
सहा वर्षं हेच करते मी, म्हापशात,
खाली कापडाचं दुकान, वर मी,
शुक्रवारी बाजार जिना चढून खोलीत येतो
आणि मी कंस मोजत बसते,
उघडले किती, मिटले किती.

लोकांना वाटतं, दिसतं तेवढंच पान.
फोटो, रंग, आमच्याविषयी.
त्याच्या पोटात आणखी एक पान असतं,
माणसांनी वाचायचं नसलेलं,
तिथे शोधणाऱ्या यंत्राला सांगावं लागतं
बालवाडीतल्या पोराला सांगावं तसं:
हे नाव. ही किंमत. किंमत रुपयांत आहे.
हे मीठ आहे.

मीठ आगरवाड्याचं, गुणो बागलींचं.
भाची सुलक्षाने एका रात्रीत पान बांधलं
आणि पोटात लिहून टाकलं,
तारे चार पूर्णांक नऊ, परीक्षणं एकशे वीस.
पानावर मोजून तीन.
एक पर्वरीच्या मास्तरणीचं, पाच तारे.
एक कुणा आंतोनेतचं, पाच तारे, बांगड्याक बरें.
एक पुण्याहून, दोन तारे,
मीठ करडं आहे, फोटोत पांढरं होतं.

मी म्हटलं, वर नाही ते पोटात नको,
सापडलं तर सगळे तारेच काढून घेतात.
सुलक्षा नखं बघत राहिली.
मामा म्हणाले, करडें आसा, खरेंच तें.
दोन आसूंदी.
बारा भागिले तीन. मी चार लिहिलं.
एकशे वीस खोडताना सुलक्षाने मान वळवली,
जणू तिची वही तपासत होते मी.

मग उपलब्धता. इथे वाटेल ते शब्द चालत नाहीत,
ठरलेल्यांतला एक निवडायचा,
आहे, संपलं, थोडंच उरलं.
शिगम्यापासून मे सरेपर्यंत आसा, मामा म्हणाले,
मागीर ना. ना म्हणजे ना.
आणि ही किंमत कुठवर?
तेंच.
मी लिहिलं, आधी वर्ष, मग महिना, मग एकतीस,
मध्ये आडव्या रेघा.

तरी बत्तिसावी ओळ लालच.
मामा खुर्ची ओढून जवळ आले,
चपला दाराशी काढलेल्या, चष्मा खिशातच,
अक्षरं दिसत नसणार त्यांना, फक्त आकार,
आत आत सरकत गेलेल्या ओळी.
बोट काचेला न लावता म्हणाले,
हें भायलें उदक. ही तापोवणी. ही पिकोवणी.
फुटलां खंय?
मी बत्तिसावी दाखवली.
ते हसले नाहीत, मान हलवली फक्त:
उदक दिसता थंय बांद फुटिल्लो नासता.
मिठावर पाणी चढलं तर ते त्या खणात उतरत नाहीत म्हणे,
बांधावरून वर चालत जातात,
कुठेतरी खेकड्याचं भोक असतं,
त्यात चिखल कोंबतात, टाचेने दाबतात.

एकतिसाव्या ओळीत, किमतीच्या मागे,
स्वल्पविराम नव्हता.
दिला.

हिरवं आलं. चुका शून्य.
शोधात दिसायला आठ दिवस, मी म्हटलं,
कदाचित पंधरा, कदाचित दिसणारही नाही,
ते आपल्या हातात नाही.
सुलक्षाचा चेहरा पडला. मामांनी चपला घातल्या.

अर्धे पैसे त्यांनी रोख दिले, अर्धे पाच किलोत.
फोनमध्ये मी आठवण लावून ठेवली आहे,
एक जून, सकाळी, 'आहे' काढून 'संपलं' लिहायचं.
पिशवीतलं मीठ अजून ओलं आहे,
टेबलाच्या लाकडावर करडी कड धरली आहे त्याने, पुसून जात नाही.
पडद्यावर दोन पिवळे इशारे उरलेत,
ब्रँड नाही, ओळखक्रमांक नाही.
ऐच्छिक आहेत.
राहू देत.