भाड्यापोटी

मानेवाड्याच्या तिसऱ्या माळ्यावरचा पोरगा
जूनमध्ये खोली सोडून गेला,
दोन महिन्यांचं भाडं न देता.
कूलर आणायला गेलो तर शेजारी
काचेची पेटी, आणि पेटीत
वीतभर दाढीवाला सरडा.
चिठ्ठीत एवढंच : 'काका, हा भुरू. किडे खातो.'

माझा धंदा सावलीचा.
एप्रिल लागला की छत्तीस कूलर
गल्लोगल्ली पोचवतो,
वाळा भरतो, पंप बदलतो,
उन्हाला दारातूनच परत पाठवतो.
या गावात, जिथे मे महिन्यात
नळाचं पाणीही हात भाजतं,
ऊन कमी पडून कोणी खंगेल
असं कोणी म्हणालं असतं
तर म्हणालो असतो, जाऊ दे बे.

पेटी ठेवली पूर्वेच्या खिडकीत, काच लावून.
ऊन त्याच्या पाठीवर पसरायचं.
मला वाटायचं, झालं की.

दिवाळीनंतर त्याची बोटं थरथरायला लागली,
मग मागचा पाय फरपटत आला.
एका सकाळी त्यानं रातकिडा धरला, जबडा मिटला,
आणि रातकिडा तोंडातून बाहेर निघून
चालत गेला.

कुंदा म्हणाली, "काहून असा करून राहिला हा?
दवाखान्यात ने न त्याले."

सेमिनरी हिल्सच्या हटवार डॉक्टरांनी
एका बोटानं जबडा दाबला.
दबला. कूलरच्या पाइपासारखा.
एक्स-रेत हाडं शोधावी लागली;
मांस कुठे संपतं, हाड कुठे सुरू होतं,
सगळं एकाच राखेत.

"काच उजेड सोडते," त्या म्हणाल्या,
"पण हाडांना लागतं ते ऊन अडवते.
मग खाल्लेलं कॅल्शियम अंगी लागत नाही.
रक्ताला कमी पडलं की शरीर
स्वतःच्याच हाडांतून उसनं काढतं,
काढतच राहतं."

उसनवारी मला कळते.
मी मान खाली घातली.

त्या दिवसापासून पेटीतल्या फांद्या काढल्या,
चढला असता तर मोडला असता.
सिरिंजनं ओठाच्या कडेला औषध, थेंब थेंब,
तो गिळेस्तोवर थांबायचं.
रातकिडे पांढऱ्या पावडरीत घोळवून,
कुंदा करंजीला पीठ लावते तसे.
पालक बंद. शेवग्याचा पाला, बारीक चिरून.
थेंब मोजून, कारण जास्तीचंही विष होतं.
वर खास ट्यूब, मधे काच नाही,
सकाळी लावायची, दिवेलागणीला विझवायची.

आणि खरं ऊन?
गोदामात एक सडका कूलर होता.
त्याचा पंखा काढला, मोटर काढली,
तिन्ही बाजूंचा वाळा ओरबाडून फेकला,
नुसती जाळी ठेवली.
बावीस वर्षं ज्या जाळीत मी सावली भरली
तिच्यात डिसेंबरचं नऊचं ऊन
आडवंतिडवं घुसलं.
अर्ध्या भागावर गोणपाट टाकलं, नको झालं तर त्यानं सरकावं म्हणून.
तो सरकला नाही.
दाढी फुगवली, पोट सपाट केलं,
डोळे मिटून पडून राहिला.
मीही बसलो. कोणाचा फोन घेतला नाही.

फेब्रुवारीत एकदा ऐकू आलं :
कर्र.
कुंदा स्वयंपाकघरातून धावत आली.
रातकिडा होता. चावला होता.

पाठीचा बाक तसाच आहे.
तो सरळ व्हायचा नाही, डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं.

परवा पोरग्याचा फोन आला, हैदराबादहून.
पैसे पाठवतो म्हणाला. मग हळूच,
"भुरू आहे का काका?"
"तुझ्याकडे ट्यूब होती?"
"होती ना. वर्षभर चालली. गेली तेव्हा गेली."

उजेड दिसत राहतो, आतलं ऊन कधीच सरलेलं असतं,
हे मलाही डॉक्टरांनीच सांगितलं होतं.
त्याला काय बोलणार?
खिडकीची काच मीही लावलीच होती.
म्हटलं, "भाडं राहू दे. सुटीत येऊन बघून जा."

फोन ठेवला. स्टुलावर चढलो.
कूलरवर गिऱ्हाइकाचं नाव अन् तारीख घालतो
तोच काळा मार्कर घेतला,
नव्या ट्यूबच्या पत्र्यावर लिहिलं :
भुरू. ११ मार्च ते १० सप्टेंबर.