दोन उरल्या

तळाशिलच्या वाळूत बांगडे वाळत होते
आणि मी द्रौपदी कोयंडेला सांगत होते,
मीठ कमी करा.
तिनं कोपरापर्यंत पांढरे झालेले हात
नुसते समोर धरले.

गोळ्यांचं पाकीट वाशात खोचलेलं,
चारच घरं फुटलेली.
"माका आता बरा वाटता. मगे गोळी कित्याक?"

माझ्याजवळ रंगीत पुस्तिका होती.
हृदय, बाण, खाली ठळक अक्षरांत ‘मूक शत्रू’.
तिनं ती घेतली, उन्हात ठेवली,
वर दगड.

मी गप्प. समोर तिचा नवरा
कोरड्या होडीला मुशीचं तेल चोळत होता.
"आज खंय गळता ती?" मी विचारलं.
ती हसली. "गळाक लागल्यार लावन काय उपेग?"
आणि मधेच थांबली.
वाशाकडे बघितलं.

पुढच्या महिन्यात
त्याच पुस्तिकेच्या पानात बांधून
तिनं मला ताजे बांगडे दिले.
"खारे आता विकूचे. खावचे वायले."
तीस गोळ्यांतल्या दोन उरलेल्या.
मी विचारणार नव्हते.
"आंगणेवाडीक गेललंय," तीच म्हणाली,
"जत्रेक."