चार शिक्के

मस्कासाथच्या गोदामात
हेमराजबापूंनी बिल्टी उजेडाकडे धरली.
चार शिक्के.
एक जुन्या सरकारचा, एक नव्या,
तिसरा कुण्या पलटणीचा,
चौथा नुसताच अंगठा, काळ्या ग्रीसचा.
ज्याने त्याने आपलं पोतं उतरवून घेतलेलं.

लढाई होती तेव्हा फाटक बंद होतं,
बंद म्हणजे बंद; आम्ही थांबलो.
तह झाला, इतवारीत पेढे वाटले,
आणि आता फाटक उघडंच पडलंय,
रात्री कुत्रं हाकलायलाही कोणी नाही.
बिनकागदाचा माल झाडीतून येतो,
आपल्या आधी बाजारात उतरतो,
किलोमागे चाळीस रुपये तोडून.
कागदवाला मात्र
कागद बघणारा माणूस शोधत फिरतो.

पलीकडचा आडत्या थेइन म्या.
अठरा वर्षं मीच बोलतोय त्याच्याशी फोनवर,
त्याचं हिंदी मोडकं, माझं त्याहून.
परवा म्हणाला, मुनीमजी, ट्रक निघाला तर आहे,
कुठे पोचेल ते विचारू नका.

विमल हेडाऊ पोतं फोडते.
सुपारीखाली खडे,
खड्यांखाली आणखी खडे,
आणि काडतुसाची एक रिकामी पितळी नळी.
सुपातून पाखडून ती हातावर घेते,
तिच्यात एकदा फुंकर मारून बघते.
‘हे कोणत्या ढिगात टाकू जी?’

बापू चष्मा पुसत राहतात.
मोती, मध्यम, फूट:
तीनच ढीग आहेत आमच्याकडे.